टाकून दिलेला ठिपका

१

धर्मेंद्र सापडला तो पिवळ्या पिंपांच्या दोरीत अडकून. तापीच्या फुगवट्यात हद्द दाखवायला ती पिंपं त्यानंच पावसाळ्याआधी खात्या नावाच्या नावाड्याला बरोबर घेऊन बांधली होती. कानबाई या इकडच्या श्रावणातल्या देवीच्या विसर्जनाचा दुसरा दिवस. अंगात सणाचा नवा सदरा तसाच, कपाळावरचा गुलाल तेवढा धुऊन गेलेला. खात्यानं त्याला होडीत ओढून घेतलं आणि काठावर आणून ठेवलं, तेव्हा बायकांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून फौजदार चेतना जीपमधून उतरता उतरता थबकली. अशा कामाची सवय होते म्हणतात. कुणाला होते कोण जाणे, तिला अजून झाली नव्हती.

हरणखेडे हे गाव प्रकाशा गावच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीला चिकटून. घाटापासून जरा बाजूला होड्या लावायचा सिमेंटचा धक्का आहे. त्या धक्क्याच्या टोकाशी धर्मेंद्रच्या चपला आदल्या दिवशी दुपारीच सापडल्या होत्या. एकीला एक लावून ठेवलेल्या. शेजारी पाकीट, पाकिटावर मोबाइल आणि मोबाइलवर पालथी घातलेली टोपी.

"सरळ आहे मॅडम," हवालदार हेमकांत म्हणाला. "कुणी ढकललेला माणूस चपला जोडून ठेवत नाही. स्वतःहून गेला."

गावाचा निकाल तर आधीच लागून गेला होता. धर्मेंद्रची आई धनुबाई मातीत बसून छाती बडवत होती आणि पोराला खाल्लं म्हणून बोट मात्र सुनेकडे दाखवत होती. "ह्या बाईनी खादा मन्हा आंडोर! सणना दिन त्याले जीव देवाले लावा हिनी!"

सून काजल भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे ठणठणीत. विसर्जनाच्या सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सबंध गल्लीनं ऐकलं होतं. 'परत तोंड दखाडू नको' असं ती त्याला म्हणाली होती. म्हणजे आपण रोज घरोघरी म्हणतो तेच. पण बाकीची माणसं संध्याकाळी घरी येतात, हा आला नाही.

म्हातारे बन्सीलाल, धर्मेंद्रचे वडील, चेतनाला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊबंदांनी ठरवलंय, ताई. दहावं झालं की सुनेनं धानोऱ्याला बापाकडे निघून जायचं. नात, आमची भूमिका, आमच्याकडे राहील. ज्या बाईपायी पोरानं जीव दिला, तिच्या पदरात पोर कशी द्यायची?"

चेतना निघाली तेव्हा काजल जीपपाशी आली. आवाज असा की कान देऊन ऐकावा लागला. "बाई, मी त्याले मारं का? तेवढं माले सांगा. पोर लई जातीस ते मंग पाहसू. पन हाई माले समजाले पाहिजे."

चेतनानं काहीच आश्वासन दिलं नाही. पण जीपमध्ये बसल्यावर ती हेमकांतला म्हणाली, "जीव द्यायला निघालेला माणूस मोबाइल उन्हानं तापू नये म्हणून वर टोपी झाकतो का हो?"

हेमकांतनं जीप सुरू केली.

२

खात्या बोलायला राजी नव्हता. धर्मेंद्रशी त्याचंही वाजलं होतं. नदीवर पहाऱ्याच्या यंत्राचा प्रयोग करणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं प्रत्येक होडीला बिल्ला लावायचा फतवा काढला, तो कंपनीचा गावातला माणूस म्हणून धर्मेंद्रनं राबवला आणि खात्यानं आपला बिल्ला पाण्यात फेकून दिला. आता पोलीस आपल्यालाच धरणार, या भीतीनं तो जाळ्याच्या गाठी सोडवत मान खाली घालून बसला होता.

"मी तिकडल्या काठाला होतो बाई," तो अखेर म्हणाला. "त्या दिवशी होडी काढायची मनाई. धर्माभाऊ धक्क्यावर होता. त्याच्यासंगं एक बाई होती."

"कोण बाई?"

"लांबून काय दिसणार? हिरवं लुगडं. डोक्यावर पदर. मग तो पाण्यात उतरला. मला वाटलं, सणाचा दिवस, आंघोळ करतोय. मी जाळं टाकायला वळलो." खात्याचे हात थांबले. "नसतो वळलो तर बरं झालं असतं."

हेमकांतनं परतताना लगेच सांगितलं, "काजलचं लुगडं हिरवं होतं, मॅडम. मिरवणुकीचे फोटो पाहिलेत मी."

काजलला विचारलं तर ती म्हणाली, मी धक्क्याकडे फिरकलेही नाही, घाटावर आरतीच्या गर्दीत होते. साक्षीला कोण? गर्दीत कोण कुणाकडे बघतं! पोर आईपाशी राहावी असं चेतनाला मनापासून वाटत होतं, आणि तपास नेमका उलट्या दिशेनं चालला होता.

आता धक्क्यावर काय घडलं ते पाहणारा एकच साक्षीदार उरला होता. तो म्हणजे कंपनीचं ते पहाऱ्याचं यंत्र.

३

घाटावरच्या पत्र्याच्या खोलीत गायत्री बसली होती. कंपनीची इंजिनियर, वय तिशीच्या आत. दोन दिवस झोप नसल्याचं तोंडावरच दिसत होतं. तिची कंपनी बंदरांवर पहारा ठेवणारी यंत्रणा बनवते. खऱ्या बंदरात प्रयोग कोण करू देणार? म्हणून त्यांनी तापीचा हा फुगवटा निवडला. इथं होड्या आहेत, मासेमारी आहे, भाविक आहेत, पोहणाऱ्या म्हशीसुद्धा आहेत. इथं ज्याला नीट कळलं, त्याला बंदरात कळेल असा त्यांचा हिशेब.

"चार इंद्रियं समजा, मॅडम," गायत्रीनं सांगितलं. "एक साधा कॅमेरा. एक उष्णता बघणारा कॅमेरा, त्याला माणूस पांढऱ्या आकृतीसारखा दिसतो. एक रडार. आणि एक पाण्याखाली ऐकणारा माइक. एकट्या इंद्रियावर भरवसा ठेवला की फसगत होते, म्हणून चौघांचं सांगणं एकत्र करून यंत्र ठरवतं. आणि ठरवताना ते दिवस कोणता, वेळ कोणती, या गावची रीत काय, हेही बघतं. नाहीतर म्हैस उतरली तरी भोंगा वाजेल."

"मग माणूस बुडाला तेव्हा भोंगा का नाही वाजला?"

"कारण त्याला सांगितलं होतं की आज कानबाई आहे. आज माणसं पाण्यात उतरणारच, आज फुलं, पत्री, केळीचे खांब वाहत जाणारच. त्याकडे लक्ष देऊ नकोस. गावच्या सगळ्या रीती मला धर्मेंद्रभाऊंनीच सांगितल्या. कुठल्या सणाला कोण कुठे उतरतं, कधी घाट भरतो. मागे एकदा आमच्या भोंग्यानं आरती मोडली, तेव्हा बायका त्यांच्यावर धावून गेल्या होत्या. कानबाईच्या दिवशी तेवढा भोंगा गप्प ठेव ताई, नाहीतर माझी आई मला घरात घ्यायची नाही, असं म्हणाले होते. मी गप्प ठेवलं."

तिचे डोळे भरून आले. चेतनानं तिला रडू दिलं. काही वेळा पोलिसांनी करण्यासारखं एवढंच असतं.

कंपनीनं काढलेला निष्कर्ष कागदावर छापून तयार होता. एक पुरुष शांतपणे पाण्यात उतरला, झटापट नाही, ओरडणं नाही, सरळ खोल पाण्याकडे पोहत गेला. म्हणजे फिरून तेच. स्वतःहून गेला.

"त्याची वाट दाखव," चेतना म्हणाली.

पडद्यावर पांढरा ठिपका धक्क्यापासून निघाला. चेतना खुर्ची ओढून जवळ बसली. ठिपका सरळ जात नव्हता. आधी प्रवाहाबरोबर, मग जरा डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मध्येच जोरात, मध्येच सावकाश. जीव द्यायला जाणाऱ्याला डावं-उजवं कशाला लागतं?

"गायत्री, यंत्रानं बिनकामाचं म्हणून जे टाकून दिलं, ते कुठे जातं?"

"असतं की. पण तो नुसता कचरा असतो मॅडम. फुलं, पानं."

"तो कचराच मला बघायचाय."

गायत्रीनं दोनचार कळा दाबल्या आणि पडद्यावर बारीक ठिपक्यांचा नुसता सडा पडला. त्यातला एक धर्मेंद्रच्या पुढे होता. तो डावीकडे गेला की धर्मेंद्र डावीकडे, तो उजवीकडे वळला की धर्मेंद्र उजवीकडे. मधलं अंतर कमी व्हायचं, पुन्हा वाढायचं.

"अगं बाई," गायत्री पुटपुटली. "भाऊ तर कशाच्या तरी मागे जात होते."

"कशाच्या?"

गायत्रीनं एकेका इंद्रियाला विचारून पाहिलं. "साध्या कॅमेऱ्याला उन्हाच्या चकाकीत नीट दिसलेलं नाही. उष्णतेच्या कॅमेऱ्यात काही नाही, म्हणजे थंड वस्तू. लहान आहे, तरंगते आहे. पण रडारला मात्र ठसठशीत दिसलीय. फुलं रडारला अशी दिसत नाहीत. त्यावर धातू असणार."

लहान, थंड, तरंगणारं आणि अंगावर धातू असलेलं. चेतना इकडचीच, तिच्याही माहेरी कानबाई बसते. त्या दिवशी नदीवर असं काय असतं, हे तिला पुण्याच्या पोरीनं सांगायची गरज नव्हती.

"आता धक्का दाखव," ती म्हणाली. "धक्क्यावर उभी होती ती बाई."

"काठावरची माणसं यंत्र मोजत नाही. पण चित्राच्या कडेला येतात. चेहरा मात्र दिसणार नाही हं."

चेहरा नव्हताच. एक पांढरी आकृती काठाशी वाकून पाण्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती वळली आणि धक्क्याच्या पायऱ्या चढू लागली. एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. हात गुडघ्यावर. थांबायचं, दम घ्यायचा, मग पुढची पायरी.

काजल पंचविशीची होती. रोज डोक्यावर हंडा घेऊन याच पायऱ्या झरझर चढायची.

४

धर्मेंद्रचा धाकटा भाऊ चंदन चेतनाला मळ्यात भेटला. केळीच्या बागेत पाणी सोडून बांधावर नुसता बसला होता.

"तुमच्याकडची कानबाई म्हणजे जुना नारळ ना?" चेतनानं विचारलं.

"हो ताई. आजीच्या सासूपासून चालत आलेला. चांदीचे डोळे, नथ, डोक्यावर चांदीचा टोप. दरवर्षी नदीवर नेतो, आंघोळ घालून परत आणतो. फुलं सोडतो, कानबाई सोडत नाही."

"यंदा कानबाईचा चौरंग कुणी आणला परत?"

"मीच. डोक्यावर. दादा दिसला नाही तेव्हा माय म्हणाली, तो येईल मागून, तू उचल." चंदननं डोळे पुसले. "येताना जड लागत होता."

"नदीची वाळू आणता ना तुम्ही चौरंगावर?"

"तेच वाटलं मला. वाळूचं वजन असेल."

"आणि काही जाणवलं? आठवून सांग."

चंदन विचारात पडला. "डोक्यावर सारखं पाणी हिंदकळत होतं. डुबुक डुबुक. तांब्यातलं असेल म्हटलं."

"तांब्या चौरंगावर होता?"

"नाही..." चंदन बोलता बोलता अडखळला. "तांब्या वहिनीच्या हातात होता. पूर्ण वाटभर. माझ्या पुढेच चालत होती ती. आणि त्याआधी घाटावर आरती होईपर्यंत तांब्या धरून माझ्याच शेजारी उभी होती."

चेतनानं सुस्कारा सोडला. या साक्षीदाराला पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर! पण भावाच्या मातीपुढे उभ्या असलेल्या पोराला तांब्याचं कोण विचारणार.

चार पिढ्यांच्या नारळात पाणी उरत नाही. आत खोबऱ्याचा सुका गोटा नुसता खुळखुळतो. डुबुक डुबुक वाजतो तो बाजारातून परवा आणलेला नारळ.

"येताना कानबाईचं तोंड पाहिलंस तू?"

"नाही. मायनं आपल्या हिरव्या पदराआडून आणून वर कापड झाकलं होतं. नजर लागते म्हणाली." चंदन चेतनाकडे बघत राहिला. त्याला हळूहळू उमगत होतं. ते त्याच्या तोंडावर उमटताना बघणं चेतनाला अवघड गेलं.

५

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी चेतना बन्सीलालांच्या घरी गेली. गणवेश न घालता, साडी नेसून. भाऊबंद ओट्यावर बसले होते. सुतकामुळे देवघराचं दार ओढून घेतलं होतं. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, खायला जमलेले सगळे भाऊबंद आता सुतकाला बसले होते, आणि सव्वाच्या मापानं दळलेल्या गव्हाची रास कोपऱ्यात तशीच झाकून ठेवली होती. काजल दाराआड उभी, तिची पिशवी भरून तयार.

चेतना धनुबाईसमोर जमिनीवर बसली. "माय, मी देवघर उघडाले लावनार नही," ती हळू आवाजात म्हणाली. "सुतक शे. पन मधमा जी कानबाई शे, ती तुमनी नही. ती तुमन्या ओटीना नारळ शे. खरं ना?"

बन्सीलाल खेकसले, "काय बोलताय ताई? घरात माती झालीय!"

"मायला बोलू द्या, भाऊ," चेतना म्हणाली.

म्हातारीनं आपल्या हातांकडे पाहिलं. थरथरणारे हात, शिरा वर आलेल्या. तिनं नाकारलं असतं तर चेतनापाशी पुढचे प्रश्न तयार होते. ठिपका, पायऱ्या, पाण्याचा आवाज, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यातलं काही लागलं नाही.

"घाटवर गर्दी व्हती," धनुबाई बोलायला लागली. "माले वाटनं, धक्कावर निरांत आंघोय घालू कानबाईमायले. धर्माले संगे लई गयू. मन्हा हात कापतस आते. सटकनी हातमातून. पाहता पाहता दूर गई. मी म्हनं, आन रे बाप, कोनले कळाले नको. चार पिढीनी कानबाई मन्हा हातथून वाही गई, हाई कोनले कळाले नको."

"तो गया?"

"हासना. मन्ही गंमत करी. चपला काढ्यात, उतरना." तिचा आवाज चिरकला. "पहिले जवळ जवळ गया. मंग ती पुढे, तो मांगे. मंग दोन्ही दिसेनात."

"मंग बोंब का नही मारी, माय?"

धनुबाईनं मान वर केली. डोळ्यांत इतकं खरं आश्चर्य होतं की चेतनानं नजर काढून घेतली. "बोंब कसाले मारू? पोहनारा पोर. आनि तिन्हाच मांगे गयथा ना! कानबाईना मांगे गयथा. ती त्याले बुडू देई का?"

ओट्यावर कुणीतरी तोंडाला धोतराचा सोगा लावला.

धक्क्यावर बघत राहिलेली ती पांढरी आकृती चेतनाच्या डोळ्यांसमोर आली. म्हातारी वाट बघत होती. मग मिरवणूक परत निघायची वेळ झाली, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा तिनं ओटीचा नारळ पदराआडून चौरंगावर ठेवला, वर कापड झाकलं आणि पोरगा मागून येईल म्हणून घरी निघाली. गावातला लहान मुलगासुद्धा ज्याला संकट म्हणाला असता, ते तिला संकट वाटलंच नव्हतं. ज्या दिवशी भिऊ नये असं तिला जन्मभर शिकवलं गेलं, तो दिवस होता तो.

"मंग चपला सापडन्यात," धनुबाई म्हणाली. "कोनीतरी बोलनं, जीव दिना. काजलनं नाव निघनं. मी उगी ऱ्हायनू. मीच धाडा म्हनाले मन्ही जीभ उचलनी नही."

चेतना उठली. या बाईला लावण्यासारखं कलम तिच्या पुस्तकात नव्हतं, असतं तरी तिनं ते शोधलं नसतं. अहवालात ती लिहिणार होती, अपघाती मृत्यू. वाहत्या वस्तूच्या मागे पोहताना प्रवाहात सापडून. गायत्रीला सांगायचं होतं की त्या वस्तूचं नाव तुझ्या यंत्राला शिकव, म्हणजे पुढच्या वर्षी तरी ते तिला कचरा म्हणणार नाही. आणि काजलला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. तिनं त्याला मारलं नव्हतं.

बन्सीलालांनी नातीला हाक मारली, तिला धरून काजलपाशी नेलं आणि तिचा हात काजलच्या हातात दिला. काजलनं पोरीला पोटाशी धरलं, पण पाय तिथून हलेनात. ती सासूकडे बघत होती.

"माय," तिनं विचारलं, "पानीमा उतरताना तो काही बोलना का?"

धनुबाईचा चेहरा पार पडला. चेतनाच्या ध्यानात आलं की मघापासून म्हातारीनं सगळं सांगितलं, पण काहीतरी एक अजून गिळून ठेवलंय. धनुबाई पुढे सरकली, हात सुनेच्या पायाकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"बोलना," ती म्हणाली. "चपला काढता काढता बोलना. म्हने, काजल रुसेल शे, तिले सांग, चहा मांडी ठेव. मी उनूच."

काजलच्या तोंडून असा आवाज निघाला की ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. ती मटकन खाली बसली आणि पोरीला छातीशी आवळून ओक्साबोक्शी रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं त्या रडण्यात होतं. कुणी तिला गप्प करायला गेलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं तोंड वर केलं.

"एवढं सांगाले इतला दिन लागनात का, माय?"